पोर्तुगालच्या फौजदारी नोटिशीसाठी पणजीतली सल्लासेवा: कागद वाचायला चोख, मुदतींत कच्ची

पोर्तुगीज पासपोर्टावर लिस्बनला गेलेल्या पोराला नोटीस आली की गोव्यातल्या घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तपास कोणाकडे आहे? त्या इन्स्पेक्टरला कोणी सांगेल का?’ या सेवेचं चांगलं म्हणजे ती हा नाद पहिल्याच बैठकीत सोडवते. आपल्याकडे तपास पोलिसांचा, आरोपपत्रही त्यांचंच. तिथे १९८७ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे तपास सरकारी वकिलाच्या हातात असतो. पोलीस, अगदी पोलिसिया ज्युदिसियारियासुद्धा (गंभीर गुन्ह्यांचा तपास करणारे तिथले खास पोलीस), त्याच्या सांगण्यावरून चालतात. प्रकरण बंद करायचं की आरोप ठेवायचा, हेही तोच ठरवतो. म्हणून हे लोक आधी प्रकरण क्रमांक आणि सरकारी वकिलांच्या कुठल्या कार्यालयाचा शिक्का आहे ते बघतात, आणि अर्ज तिकडेच पाठवतात.

जज मध्ये येतो तो ठरावीक ठिकाणी. फोन टॅप करायला आणि कच्च्या कैदेत ठेवायला त्याचाच हुकूम लागतो. अटक केलेल्याला ४८ तासांत त्याच्यासमोर उभं करावं लागतं. घरझडतीलाही एरवी त्याचाच हुकूम लागतो, पण इथे एक खोच आहे. पोलिसांनी पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर राहणाऱ्याने सही केली, की जजच्या हुकमाची गरज उरत नाही. त्या कागदाचा नमुना इथे ओळीओळीने समजावून देतात. एवढ्यासाठीसुद्धा पहिली फी वसूल.

संशयिताकडून पत्त्याचं जे हमीपत्र घेतात, त्याबद्दलही नीट सांगतात. ते पोलीससुद्धा लिहून घेऊ शकतात. पत्ता बदलला, किंवा पाच दिवसांपेक्षा जास्त बाहेर जायचं असलं, तर कळवावं लागतं. चतुर्थीला गावी यायचं असेल तर आधी कळवा. पुढच्या नोटिसा त्याच पत्त्यावर साध्या टपालाने येतात, पेटीत पडल्यापासून पाचव्या दिवशी पोचल्या असं धरतात, आणि माणूस हजर नसला तरी खटला चालू शकतो.

आता तक्रार. आरोप ठेवल्यावर, तो खटल्यापर्यंत न्यायचा का याची जजकडून फेरतपासणी मागायला २० दिवस असतात, आणि यांच्या माहितीपत्रकात तो आकडाच नाही! फिर्यादीच्या बाजूने आलात तर आणखी गोंधळ: प्रकरण बंद केल्याविरुद्ध जजकडे जायचं तर आधी वकिलामार्फत खटल्यात रीतसर सामील व्हावं लागतं, कोर्ट फी भरावी लागते. यांचा छापील अर्ज मात्र दोघांना एकच. तक्रारीवरच चालणाऱ्या गुन्ह्यांत तक्रार करायला सहा महिन्यांची मुदत असते, तीही तुम्ही विचारलीत तरच सांगतात.

दुभाष्याचं पॅकेज गळ्यात मारतील, ते घेऊ नका. पोर्तुगीज न येणाऱ्याला तिथे दुभाषी फुकट मिळतो, फक्त जबानीच्या सुरुवातीलाच मागायचा. वकील पोर्तुगालमधलाच लागणार. ते काम पणजीतून होत नाही.