कल्याणच्या काकांनी शिवलेली ८६० ग्रॅमची बॅग आणि व्हिएतनामचे अठरा दिवस

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई व्हिएतनामला गेलो. अठरा दिवस, उत्तरेतल्या हनोईपासून दक्षिणेतल्या सायगॉनपर्यंत (आजची हो चि मिन्ह सिटी), आणि दोघींकडे फक्त विमानात हाताशी ठेवायचं सामान. माझी बॅग जानेवारीत कल्याण पश्चिमेला, शिवाजी चौकाच्या मागच्या एका गल्लीत शिवून घेतली होती. दुकानाला पाटी नाही. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीला टांगलेल्या बॅगा, एवढाच पसारा. बायकांनी या बॅगेबद्दल मला इतक्यांदा विचारलंय की आता सविस्तर लिहितेच.

आधी बॅग शिवायची वेळ का आली ते सांगते. घरात एक चाकांची केबिन ट्रॉली होती, चांगली, दणकट. आमच्या तिकिटावर हातातल्या सामानाची मर्यादा ७ किलो होती, आणि त्यात खांद्यावरची छोटी पिशवीही धरलेली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २६ वर्षं काम केलंय, वजन-मापाची सवय आहे, म्हणून सामान भरायच्या आधी रिकामी ट्रॉली काट्यावर ठेवली. २ किलो ६५० ग्रॅम! म्हणजे सात किलोतले अडीच किलोच्या वर नुसती चाकं, दांडा आणि टणक कवच यांनीच खाल्ले. लोक जागा पुरत नाही म्हणतात, पण जागा पुरते. पुरत नाही ते वजन. म्हणून पहिली कात्री कपड्यांना न लावता बॅगेलाच लावायची, असं मी ठरवलं.

बाजारातल्या पाठीवरच्या तयार बॅगाही पाहिल्या. बहुतेकांना जाड फोम, पाच-सहा कप्पे, लॅपटॉपची गादी. मला लॅपटॉप न्यायचाच नव्हता. मग त्या गल्लीतल्या दुकानाच्या काकांकडे गेले, कारण माझ्या मुलाच्या शाळेच्या बॅगा त्यांच्याचकडून घेतलेल्या. ते शाळेच्या बॅगा, औषध कंपन्यांच्या एमआर लोकांच्या बॅगा, डिलिव्हरीवाल्यांच्या मोठ्या चौकोनी पिशव्या असलं काम करतात. मी कागदावर मापं लिहून नेली होती: उंची ५० सेंटिमीटर, रुंदी ३४, जाडी २०, म्हणजे ३४ लिटर. आपल्याकडे विमानात साधारण ५५, ३५, २५ चालतं, पण बॅग भरली की फुगते, तेवढी सूट धरली. काकांनी कागद पाहिला आणि विचारलं, "ताई, यात नेमकं काय भरणार?" हा प्रश्न मला फार आवडला. मी यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग फोम फक्त पाठीला आणि पट्ट्यांना घालू. बाकी अंगाला अस्तरही नको, नुसती पायपिंग मारतो."

कापड त्यांनी मॅटी दिलं, म्हणजे बॅगांना वापरतात ते पॉलिस्टरचं, निळं. आतून लेप असलेलं, बोटांनी चोळलं तर किंचित खरखरीत. मुख्य चेन तीन बाजूंनी फिरते, त्यामुळे बॅग पलंगावर आडवी ठेवून पुस्तकासारखी उघडता येते. मोठी चेन जाड दातांची, दोन रनरवाली. आत दोन्ही बाजूंना जाळीचे कप्पे, आणि पाठीच्या फोमला लागून एक चोरकप्पा, पासपोर्ट आणि पैशांसाठी. बाहेर बाजूला पाण्याच्या बाटलीचा कप्पा आणि पुढे एकच, तेल-क्रीमच्या बाटल्यांच्या पारदर्शक पिशवीपुरता, कारण सुरक्षा तपासणीत ती पटकन काढावी लागते. छातीवर जोडायचा एक पट्टा. शिलाईसकट १,८५० रुपये झाले, दिवस लागले आठ. घरी आणून वजन केलं तर ८६० ग्रॅम. ट्रॉलीच्या मानाने पावणेदोन किलोंची बचत, आणि तेवढ्यात माझे निम्म्याहून जास्त कपडे बसतात.

आता भरायचं काय. फेब्रुवारीतलं व्हिएतनाम अवघड असतं. हनोईत १५-१६ अंश आणि सतत भुरभुर पाऊस, तर सायगॉनला ३३ अंश आणि घाम. दोन ऋतूंचे कपडे एकाच बॅगेत. मी जाड काही नेलंच नाही. अंगात घालायचा एक थर्मल, एक शाल आणि पावसाचं पातळ जॅकेट, तिन्ही एकावर एक चढवले की हनोई निभावतं, आणि विमानात बसताना जॅकेट अंगावरच असतं. चार कुर्ते, दोन पॅण्ट, एक रात्रीचा ड्रेस, आतले चार जोड. कुर्ते निवडताना रंग पाहिला नाही, वाळायला किती वेळ लागतो ते पाहिलं. घरी एकेक कुर्ता धुऊन, पिळून, पंख्याखाली घड्याळ लावून वाळवला. रेयॉनचा देखणा कुर्ता नऊ तासांनीही शिवणीत ओला होता, तो बाद केला. टॉवेलऐवजी पंचा. आमच्याकडचा टर्किश टॉवेल ४८० ग्रॅमचा, पंचा १२० ग्रॅमचा. अंग पुसून दांडीवर टाकला की दोन तासांत परत वापरायला तयार. आपल्या आजोबांच्या खांद्यावर असायचा तो हा पंचा प्रवासासाठी किती गुणाचा आहे, हे मी प्रत्येकीला सांगत असते.

वन्संचं वेगळं होतं. त्या साडीशिवाय काही नेसत नाहीत, आणि माझ्या हट्टापायी त्यांनी ते बदलावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. त्यांच्या सगळ्या साड्या आम्ही काट्यावर ठेवल्या. सुती साड्या साडेपाचशे-सहाशे ग्रॅमच्या, जॉर्जेटच्या साडेतीनशेच्या आत. तीन जॉर्जेट नेल्या. साडी घडी घालून बॅगेच्या तळाशी पाटीसारखी सपाट बसते, चुरगळत नाही आणि रात्री धुतली की सकाळी वाळलेली. अडचण केली ती परकराने. पोपलीनचा परकर हनोईच्या त्या दमट हवेत दोन दिवस वाळेना, नाडीच्या नेफ्यातून पाणीच सुटायचं. तिथल्या लोकांनाही या दिवसांत हाच त्रास. फरशीला आणि भिंतींना घाम फुटतो, दोरीवर टाकलेलं काही सुकत नाही. शेवटी आम्ही हॉटेलशेजारच्या धोबिणीकडे सगळं दिलं. ती किलोवर घेते आणि मशीनमध्ये वाळवून देते. किलोला तेव्हा ४० हजार डोंग, म्हणजे साधारण १४० रुपये पडले. दोघींचे मिळून अडीच किलो भरले. संध्याकाळी घड्या घातलेले, गरम कपडे हातात आले. चार कपड्यांवर अठरा दिवस निघतात ते याच बळावर. दर चार-पाच दिवसांनी एक धुणं, एवढा हिशेब ठेवायचा.

खायच्या सामानात मात्र माझा अंदाज चुकला. दोघी शाकाहारी, म्हणून मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजके पोहे असं ७०० ग्रॅम भरलं होतं. निम्म्याहून जास्त परत आलं. तिथे शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात, आणि 'कॉम चाय' अशी पाटी असलेल्या खानावळी प्रत्येक गावात सापडतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर तिथले बरेच लोक शाकाहारच करतात. पुढच्या वेळी नुसतं मेतकूट नेईन. लोणचं मात्र न्यायचं नाही, तेलातलं असल्यामुळे हातातल्या सामानात अडवतात. तेल, क्रीम, टूथपेस्ट या सगळ्याला एका बाटलीमागे १०० मिलिलिटरची मर्यादा आहेच. वन्संची ५० मिलिलिटरची खोबरेलाची बाटली हनोईत गोठून पांढरी झाली, ती रोज सकाळी गरम पाण्याच्या पेल्यात धरायला लागायची. पॉवर बँक तशीही हातातल्या बॅगेतच ठेवायची असते, त्यामुळे ती काढ-घालही नाही.

मुंबईच्या काउंटरवर दोघींच्या बॅगा वजनाला लावल्या. माझी छोट्या पिशवीसकट ६.४, वन्संची ६.८. वन्सं माझा हात धरून उभ्या होत्या. मुलीने पट्टी लावून बॅग परत दिली तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, सुटलो गं." हनोईला उतरलो तर सामानाच्या पट्ट्यावर आमच्या विमानातली गर्दी ताटकळत उभी. आम्ही तशाच चालत बाहेर.

बॅगेचा खरा उपयोग रेल्वेत कळला. हनोई ते ह्युए ६८८ किलोमीटर, रात्रीची गाडी, चार बर्थचा डबा. तिथली रेल्वे मीटरगेज आहे, त्यामुळे डब्यातली बोळकांडी आपल्यापेक्षा अरुंद. समोरच्या परदेशी जोडप्याच्या दोन मोठ्या सुटकेसी बर्थखाली जाईनात, शेवटी दोघं पाय आखडून झोपले. माझी बॅग मी उशाशी घेतली, चोरकप्प्याची बाजू भिंतीकडे. ह्युएहून दा नांगला जाताना हाय व्हान घाटात गाडी समुद्राच्या अगदी कडेने वळणं घेते. सगळे खिडकीकडे धावले, आम्हीही पाठीवरच्या बॅगेसकट उठून गेलो. कोणाला सामानाकडे लक्ष ठेवायला सांगावं लागलं नाही. माझे गुडघे दुखतात, वन्सं ६३ वर्षांच्या. जिने आले, पूल आले, होई आनच्या जुन्या गावात तर गाडी आतपर्यंत जातच नाही. एकदाही हमाल शोधला नाही.

होई आनमध्ये शिंप्यांची दुकानं ओळीने आहेत, माप दिलं की एका दिवसात कपडा तयार. मी एक लिननचा कुर्ता शिवून घेतला, आणि सर्वांत जुना कुर्ता तिथेच हॉटेलच्या बाईला विचारून ठेवला. रेशमी कंदील घेतले दोन. त्यांच्या बांबूच्या काड्या छत्रीसारख्या मिटतात, जाळीच्या कप्प्यात उभे राहिले. दा नांगहून सायगॉनला विमान होतं, तिथेही ७ किलोच, आणि माझी ६.९ भरली.

आता दोष. पहिला, बॅग पावसाची नाही. निन्ह बिन्हला त्रांग आनच्या होडीत अडीच-तीन तास भुरभुरीत बसलो, बॅग पायाशी होती. मॅटीला लेप असला तरी शिवणीतून पाणी झिरपलं आणि तळाचा कुर्ता ओला झाला. त्यानंतर मी आतून जाड प्लास्टिकची पिशवी घातली. दुसरा दोष मोठा. तिथेच, नवव्या दिवशी, उजव्या खांद्याचा पट्टा वरच्या सांध्याला उसवला. सहा टाके निघाले होते. सुई-दोरा होता म्हणून मी दुहेरी दोऱ्याने टाके घातले आणि ते शेवटपर्यंत टिकले, पण पुढचे चार दिवस मी डावा पट्टाच जास्त वापरला, मान अवघडली. तिसरा, कमरेचा पट्टा नाही. साडेसहा किलोला चालतं. आठ-नऊ किलो भरायचे असतील तर खांद्यांना सोसणार नाही. बाजूचा बाटलीचा कप्पा उथळ होता, वाकलं की बाटली घसरायची.

परत आल्यावर बॅग घेऊन काकांकडे गेले. त्यांनी उसवलेला सांधा बोटावर ताणून पाहिला, खिडकीशी नेला, आणि काही न बोलता मशीनवर बसले. पट्टा पूर्ण उसवला, आत दोन इंच जास्त घेतला, कापडाच्या मागून निवाडीचा, म्हणजे जाड विणलेल्या पट्टीचा, एक तुकडा ठेवला आणि वर चौकोनात फुली अशी शिलाई मारली, तीन फेऱ्या. डावा पट्टा धड होता, तोही उसवून तसाच केला. मी पैसे विचारले तर म्हणाले, "हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं." घेतले नाहीत. बाटलीचा कप्पा वाढवायचे १०० रुपये घेतले, आणि बॅगेवर ओढायचं रेनकव्हर १२० रुपयांना शिवून दिलं. त्यानंतर मी ती बॅग घेऊन मार्चमध्ये नागपूरला आणि दिवाळीत कोकणात जाऊन आले, सांधा हललेला नाही.

तुम्हाला शिवून घ्यायची असेल तर मे-जूनमध्ये जाऊ नका, शाळांच्या बॅगांच्या गडबडीत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. आपली मापं सेंटिमीटरमध्ये लिहून न्या, पट्ट्याला फुलीची शिलाई आणि मागून निवाड आधीच सांगा, आणि जमलं तर जे भरणार ते सामान पिशवीत घालून सोबतच न्या, काका ते टेबलावर रचून बघतात. वन्संची बॅग परवा शिवायला टाकलीय. त्यांची उंची कमी, म्हणून ४६ सेंटिमीटरची, मेंदी रंगाची. साडी दुमडावी लागू नये म्हणून आत एक सपाट कप्पा सांगितलाय, आणि मापाला घडी घातलेली जॉर्जेट साडी आम्ही काकांकडेच ठेवून आलोय.