हॅलोवीनची भुतं रंगवायची: काँट्रास्टचा सेट घ्यावा की साधे ॲक्रिलिक?

पितृपंधरवडा लागला की आमच्या रविवारच्या गेमवाल्यांना भुतं आठवतात. ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या, आसपासच्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत एकाच्या घरी भुताटकीचा डाव ठेवायचा असं चार वर्षं चाललंय आणि त्यासाठी सांगाडे, झोंबी, एखादी हडळ अशा बोटाएवढ्या मिनी, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या बाहुल्या, रंगवून आणायच्या. आई म्हणते सणासुदीचं घरात हे असलं कशाला. असो. यंदा नवीन आलेल्या एका भावानं सांगाड्यांचा बॉक्स घेतलाय आणि विचारतोय, बाहेरून काँट्रास्ट रंगांचा सेट मागवू की इथं स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या फेविक्रिल-कॅमलवर भागेल. मी दोन्हीनं रंगवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्हीत फरक काय ते बघ. साधा ॲक्रिलिक म्हणजे झाकणारा रंग, लावला की खालचं दिसत नाही, मग सावली वेगळी, उजेड वेगळा, सगळं आपणच करायचं. काँट्रास्ट म्हणजे गेम्स वर्कशॉप या मिनी बनवणाऱ्या कंपनीनं २०१९ ला आणलेला त्यांच्या सिटाडेल ब्रँडचा पातळ पारदर्शक रंग, पांढऱ्या किंवा फिक्या प्रायमरवर (रंग धरून राहावा म्हणून आधी मारतात तो थर) लावला की तो आपोआप खोबणीत उतरतो आणि उंचवट्यावरून सरकतो, म्हणजे सावली आणि उजेड एकाच हातात. आर्मी पेंटर या दुसऱ्या कंपनीचे स्पीडपेंट त्याच जातीचे, फक्त २०२२ च्या पहिल्या स्पीडपेंटवर ओला ब्रश फिरवला की खालचा वाळलेला थर परत सुटायचा, २०२३ च्या नव्या आवृत्तीत ते सुधारलं. त्यामुळं कोण जुनी बाटली स्वस्तात देत असेल तर आधी लेबल बघ.

आता सांगाडा. गेल्या वर्षी मी मुद्दाम सहा काँट्रास्टनं आणि सहा फेविक्रिलनं केले. २८ मिमीची मिनी, कवटी जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि बरगड्यांच्या मधली फट सुईनं ओरखडा काढावा तशी. काँट्रास्टमध्ये स्केलेटन हॉर्ड नावाचाच रंग आहे, तो पांढऱ्यावर एकदा फिरवला, जिथं डबकं साठलं तिथलं ब्रशच्या टोकानं शोषून घेतलं आणि सोडून दिलं. बरगड्यांमध्ये मातकट पिवळा उतरला, वरची हाडं फिकी राहिली, सहाच्या सहा पाऊण तासात. दुसऱ्या सहांना ऑफव्हाइटचे दोन पातळ हात, मग तपकिरीचा वॉश, म्हणजे फटीत उतरणारा एकदम पातळ रंग, मग ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिका रंग घासायचा, असं करत अख्खा रविवार गेला. पण टेबलावर शेजारी ठेवले तर खरं सांगू, फेविक्रिलवाले जास्त चांगले दिसले, कारण ड्रायब्रशनं कवटीच्या कडा आणि बोटांची टोकं अशी कोरडी खडूसारखी होतात की हाड खरंच जुनं वाटतं. आणि काँट्रास्टवाल्यांवरही शेवटी तोच ड्रायब्रश फिरवला तर फरक जवळजवळ संपतो, हे मला उशिरा कळलं.

वॉश घरी करता येतो. बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, पाणी आणि मॅट मीडियम, म्हणजे रंगात मिसळायचं बिनरंगी ॲक्रिलिक. नुसतं पाणी घातलं की वाळताना कपाच्या डागासारख्या कडा उमटतात, मीडियम घातलं की रंग सारखा बसतो. आणि रंग पातळ करायचा तो दुधासारखा म्हणतात ना, ते गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध नव्हे, पाणी घातलेलं चहावाल्याचं दूध. बाटलीतला रंग तसाच थापला तर बरगड्या बुजतात आणि सांगाड्याचं पोट भरलेलं दिसतं.

पण सगळी भुतं सांगाडे नसतात आणि इथंच निर्णय फिरतो. व्हॅम्पायरचा झगा घे. मोठा, गुळगुळीत, त्यावर काँट्रास्टला उतरायला खोबणीच नाही, मग तो मनाला येईल तिथं साठतो आणि झगा पावसात भिजलेल्या भिंतीसारखा डागाळतो. ऑक्टोबरच्या उन्हात वर पंखा चालू असेल तर विषय हार्ड, अर्धा हात वाळतोय तोवर दुसरा लागतो आणि मधे रेघ. तिथं साधाच रंग, गडद लाल खाली, मग घडीच्या वरच्या बाजूला थोडा थोडा उजळ, चार-पाच पातळ थर. उलट पायाकडं विरत गेलेलं, अंगावर फाटकं वस्त्र असलेलं भूत असेल तर काँट्रास्टला तोड नाही, पांढऱ्या प्रायमरवर खालून वर मोरपंखी रंग मीडियम घालून पातळ करत न्यायचा आणि डोक्याशी तसंच पांढरं सोडायचं.

झोंबी मधलेच. हिरवट-राखाडी कातडी कशानंही होते, जखमेच्या कडेला जरा जांभळा. रक्त मात्र चमकायला पाहिजे, तांबड्या रश्श्याच्या तर्रीसारखं, म्हणून लालमध्ये थेंबभर तपकिरी आणि वर ग्लॉस व्हार्निश, ते पण सगळ्यात शेवटी, नाहीतर मॅट व्हार्निशच्या फवाऱ्यात सगळी चमक मरते.

एक गोष्ट काँट्रास्ट उलटी करतो, ती म्हणजे उजेड. भोपळ्याच्या आत मेणबत्ती पेटलीय किंवा कवटीचे डोळे हिरवे जळतायत असं दाखवायचं तर खोल जागा सगळ्यात उजळ हवी, आणि हा रंग नेमका खोलात जाऊन गडद होतो. म्हणून भोपळ्याच्या तोंडात आधी साधा पांढरा, त्यावर पिवळा, मग कडेला केशरी पातळ करून, आणि बाहेरची साल गडद. डोळे करताना करंगळी दुसऱ्या हाताला टेकव, कुंभार गल्लीत मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना हात कसा टेकवतात ते बघितलं असशीलच. आणि ट्रिपल झीरोचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घेऊ नको, त्याच्या टोकावरचा रंग मिनीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो. एक नंबरचा, टोक चांगलं असलेला घे.

पैशाचं बोलायचं तर काँट्रास्टच्या एका १८ मिलीच्या बाटलीच्या किमतीत फेविक्रिलच्या १५ मिलीच्या डझनभर सहज येतात. म्हणून माझं मत, सेट अजिबात नको. दोनच बाटल्या माग, एक हाडाचा रंग आणि एक मोरपंखी, बाकी सगळं इथलं. उरलेले पैसे प्रायमर, तो एक ब्रश आणि मॅट व्हार्निशवर घाल. ड्रायब्रशला महाद्वार रोडवरून मेकअपचा गोल मऊ ब्रश आण, मिनीसाठी म्हणून विकतात त्या ब्रशपेक्षा तो बरा चालतो. रंग ओला ठेवणारी वेट पॅलेट म्हणजे जुना टिफिनचा डबा, ओला स्पंज आणि वर बटर पेपर.

प्रायमरवर एवढा जोर का, तर माझे पाच झोंबी त्यातच गेले. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता, संध्याकाळी गच्चीवर हवा दमट, आणि मी घाईत लांबून स्प्रे मारला. रंग मिनीवर पोचायच्या आधीच हवेत वाळला आणि सगळ्यांच्या अंगावर पॉलिशपेपरसारखी खरखर आली. त्यावर काँट्रास्ट टाकला तर प्रत्येक कणाभोवती वेगळी सावली, झोंब्यांना देवी आल्यासारखं. साध्या रंगात ते थोडं तरी झाकलं असतं. तेव्हापासून दुपारी अकरा ते चारच्या मधेच, वीतभर अंतरावरून, झटक्याझटक्यानं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी प्रायमर कडक प्लास्टिकवर आणि रेझिनवर मस्त बसतो, मऊ वाकणाऱ्या मिनीवर मात्र दिवसेंदिवस चिकट राहू शकतो, तिथं ब्रशनं गेसो, म्हणजे कॅनव्हासला लावतात तो पांढरा प्रायमर, लाव. हात बसला की आधी काळा मारून मग फक्त वरून पांढरा मार, भर दुपारी बिंदू चौकात उभं राहिल्यावर अंगावर जसं ऊन आणि सावली पडते तसं. त्यावर काँट्रास्ट लईच खुलतो.

काँट्रास्टवर व्हार्निश न लावता खेळलास तर तलवारीच्या टोकाचा आणि कोपराचा रंग दोन डावांतच बोटांनी निघतो, साधा रंग त्यापेक्षा दणकट.

आणि हो, गेल्या दिवाळीत पुतण्यानं किल्ल्यावर मावळे कमी पडले म्हणून माझे दोन सांगाडे न विचारता पळवले, नेमका एक काँट्रास्टचा, एक फेविक्रिलचा. बुरुजावर दोघं चार दिवस उभे होते. बघायला आलेल्या पोरांनी मावळे सोडून तेवढेच हातात घेतले, कुठला कसा रंगवलाय ते एकानंही विचारलं नाही. एकानं फक्त एवढंच विचारलं, काका, याचे डोळे पेटलेत, त्याचे का नाहीत?