पद्मिनी ऑटोक्रॉससाठी: रॉड एंड की बुश, फायबर की पत्रा?

जुनी प्रीमियर पद्मिनी मातीतल्या ऑटोक्रॉससाठी (मैदानावर आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत) तयार करायला घेतली की इंजिनाची चर्चा चार दिवस रंगते आणि मग गाडी दोन प्रश्नांवर येऊन अडते. मागच्या ॲक्सलला ज्या जादा लिंक, म्हणजे आधाराचे दांडे, लावायच्या त्यांच्या टोकांना रॉड एंड (डोळ्यात फिरणारा लोखंडी गोळा असलेला सांधा) की बुश (नळीत बसवलेली रबराची किंवा प्लास्टिकची गादी)? आणि मडगार्ड-बॉनेट फायबरचं (रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या धाग्यांचं) की पत्र्याचं? दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे बोलणारी माणसं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, एकाच चहाच्या गाड्यावर भेटतात. पाटे (मागच्या ॲक्सलच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉकअप, पिनियनचा कोन ही ओळख तुम्हाला आहे आणि वेल्डिंगला हात बसलेला आहे, निदान तसा माणूस ओळखीचा आहे, असं धरून पुढचं लिहितो.

लिंक कशासाठी, तेवढं थोडक्यात. मोकळ्या मातीत क्लच सोडला की ॲक्सल उलटा फिरू पाहतो, पाटा पिळतो, सुटतो, परत पिळतो आणि मागची चाकं थयथय नाचतात. ते थांबवायला दोन्ही बाजूंना पाट्याखालून एकेक लिंक, यू-बोल्टच्या प्लेटपासून पुढे फ्लोअरच्या चॅनेलपर्यंत. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड. म्हणजे तीन दांडे, सहा टोकं. वाद फक्त त्या सहा टोकांचा.

दांडा दोन्ही प्रकारांत सारखाच. २५ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडीचा सीमलेस पाइप पुरतो. भंगारातला शिवणीचा पाइप वापरू नका, गंज आतून किती खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. रॉड एंडसाठी पाइपाच्या टोकात लेथवर काढलेला, आतून आटे पाडलेला तुकडा बसवायचा: ४० मिमी लांब, साध्या एमएसचा (मऊ लोखंडाचा). पाइपाला ८ मिमीची दोन भोकं पाडून तिथे प्लग वेल्ड आणि कडेने गोल वेल्ड. उद्यमनगरात बरेचदा हाताशी ईएन-८ चा (जास्त कार्बनच्या पोलादाचा) तुकडा असतो आणि तोच लावून मिळतो. चालतो, पण वेल्ड झाल्या झाल्या त्यावर पाणी मारलं की शेजारची धातू काचेसारखी कडक होते आणि पुढे नेमकी तिथेच चीर जाते. हातात धरता यावं म्हणून घाईने पाण्यात बुडवायची सवय इथे जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये आहे, तेव्हा समोर उभं राहा. लिंकला क्रोम प्लेटिंगही नको, साधा रंग द्या. रंगाखालची चीर लवकर दिसते.

आता रॉड एंडची बाजू, आणि ती कमकुवत नाही. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे ठेवले तर दांडा नुसता फिरवून लांबी बदलते. ॲक्सल गाडीला काटकोनात आणणं दहा मिनिटांचं काम होतं. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंत माप घ्या, फरक २ मिमीच्या आत आणा, चेक नट (आटे जागेवर धरणारा नट) आवळा, झालं. लवचिकपणा शून्य असल्याने गाडी ॲक्सिलरेटरला लगेच उत्तर देते. पहिल्या दिवशी हा फरक कुणालाही जाणवेल.

पण बसवताना चार गोष्टी चुकतात. आटे व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेले हवेत, म्हणजे एम-१४ ला २१ मिमी. ब्रॅकेट दोन कानांचा हवा. एका कानावर लोंबणारा बोल्ट वाकतो. बोल्टच्या डोक्याखाली रॉड एंडच्या डोळ्यापेक्षा मोठा वॉशर हवा, म्हणजे आतला गोळा निसटला तरी लिंक जागेवर राहते. आणि रॉड एंड ओढ-दाबासाठी आहे, वाकण्यासाठी नाही. गाडी कललेली असताना रॉड एंडचा डोळा कानाला टेकला की सगळा जोर चेक नटपाशी शेवटच्या आट्यावर येतो आणि तिथून तो कट होतो. म्हणून बसवल्यावर एका बाजूचं चाक जॅकवर घेऊन, दुसरं खाली लोंबू देऊन, सहाही टोकं बोटाने चाचपून पाहा.

मला या सगळ्याचं फारसं वावडं नाही. बुशच्या बाजूने काट्याला वजन पडलं ते आवाजामुळे.

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला पन्हाळ्याकडे तांबडी माती आणि मुरूम, पूर्वेला शिरोळकडे काळी. काळी चिकटते, पण धुतली की जाते. मुरमाची बारीक पूड मात्र रॉड एंडच्या गोळ्यात शिरते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. गोळ्याभोवती घसरतं अस्तर असलेल्या रॉड एंडला ग्रीस द्यायचं नसतं, तो कोरडाच घासला जातो. धातूवर धातूवाल्याला ग्रीस द्यावंच लागतं आणि ग्रीस धूळ धरून ठेवतं. धूळ अडवणाऱ्या रबरी टोप्या (बूट) चढवता येतात, एखाद्या दगडाने फाटेपर्यंत. दोन-तीन स्पर्धांत टोकांना खेळ येतो. खेळ केसाएवढा असतो, पण आतली गादी-अस्तर काढलेल्या गाडीत तो फ्लोअरच्या पत्र्यावर हातोडीसारखा वाजतो: टक्, टक्.

टक् आवाज नुसता त्रासदायक असता तर सोसला असता. अडचण अशी की प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) गेला तरी आवाज तोच, यू-बोल्ट सैल झाला तरी तोच, डिफरन्शियलमधला बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला खेळ, वाढला तरी तोच. सहा टोकं टकटकत असली की चालवणारा हळूहळू ऐकायचंच सोडतो, आणि खरोखर काही तुटायला आलेलं असतं ते त्या गोंगाटात लपतं. शोधायला बसलं तर तेही सोपं नाही. पत्र्यातून आवाज फिरतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. एकच उपाय: एकाने पाना अडकवून लिंक हलवायची, दुसऱ्याने टोकावर अंगठा ठेवून टिचकी लागते का बघायचं. सहा वेळा. दर स्पर्धेआधी.

बुश लावलेली गाडी गप्प असते. त्यामुळे एखादा टक् आला की गाडी थांबवून खाली वाकावं, इतका त्याला अर्थ राहतो.

बुशचं काम मात्र नीट करायला हवं, आणि ते रॉड एंडपेक्षा किचकट आहे. ४० मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची नळी ४५ मिमी कापून दांड्याच्या टोकाला आडवी वेल्ड करायची. दांड्याला आधी नळी बसेल अशी अर्धगोल खाच गोल कानशीने काढा. फट ठेवून वेल्डने भरलेला सांधा दिसायला जाड आणि कामाला पोकळ. वेल्डिंगने नळी हमखास लंबगोल होते. म्हणून आतून अर्धा मिमी माल राखून ठेवायचा आणि वेल्ड गार झाल्यावर लेथवर बोअर मारून घ्यायचा. बहुतेक जण उलट करतात: आधी माप, मग वेल्ड, मग बुश ठोकून बसवतात आणि तो पंधरवड्यात फाटला की मालाला नावं ठेवतात. आतली स्लीव्ह (बोल्ट जाणारी लोखंडी नळी) बुशपेक्षा दीड-दोन मिमी लांब हवी, म्हणजे बोल्ट स्लीव्हला आवळतो आणि बुश मोकळा राहतो.

माल कोणता? नायलॉनचा बार सहज मिळतो, टर्नर तासाभरात बुश काढून देतो. पण नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. मे महिन्यात हाताने फिरणारा बुश आपल्याकडच्या जुलैत जाम होतो. डेलरीन, हेही कडक प्लास्टिकच, तसा फुगत नाही, फक्त रबरासारखा तिरपा पीळ झेलत नाही. पॅनहार्डच्या टोकांना पॉलियुरेथेन, ८० ते ९० शोअर कडकपणाचा, सिलिकॉन ग्रीस लावून. खालच्या दोन लिंकना, मला विचाराल तर, साधा रबरी बुशच, स्लीव्हला चिकटवलेला. त्याचा मधला बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा. जॅकवर आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं. साधं ग्रीस त्याला लावू नये.

रबर इथेच का, ते भूमितीत आहे. पाट्याचा पुढचा भाग वरखाली होताना साधारण आपल्या पाऊण लांबीच्या दांड्यासारखा फिरतो. पुढच्या डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंत समजा ५६० मिमी भरले, तर लिंक ४२० मिमीच्या आसपास हवी, आणि गाडी उभी असताना पाट्याच्या त्या भागाला समांतर. घरच्या फॅब्रिकेशनमध्ये फ्लोअरचं चॅनेल जिथे आहे तिथेच ब्रॅकेट येतो. ४२० ची ४६० होते, कोन दोन अंश हुकतो. रबर तेवढी चूक पोटात घालतं. रॉड एंड घालत नाही. मग पाटा आणि लिंक एकमेकांशी भांडतात, सस्पेन्शन मधेच अडकतं आणि शेवटी ब्रॅकेट फ्लोअर फाडून बाहेर येतो. ब्रॅकेटमागे फ्लोअरला ३ मिमीची, हाताच्या पंजाएवढी प्लेट दोन्ही प्रकारांत हवीच.

पॅनहार्ड रॉड जितका लांब तितका बरा. ९०० मिमीचा असेल तर ७५ मिमी उडीला ॲक्सल जेमतेम ३ मिमी सरकतो, ६०० चा असेल तर जवळपास ५. ज्याला दर स्पर्धेआधी गाडीखाली तासभर झोपायची हौस आहे आणि मापं अचूक ठेवता येतात, त्याने रॉड एंड जरूर लावावेत. पॅनहार्डच्या एका टोकाला, लांबी जुळवण्यापुरता, तो मलाही चालेल.

बॉडीचं त्यामानाने लवकर आटपतं. फायबर हलकं असतं असं सगळे म्हणतात, पण कशापेक्षा? एक चौरस मीटर ०.९ मिमी लोखंडी पत्रा सात किलो भरतो. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) दोन थर म्हणजे काच ०.९ किलो, त्याच्या अडीचपट रेझिन सव्वादोन किलो, वर अर्धा किलो जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर): साडेतीन किलोच्या पुढे. १.२ मिमी ॲल्युमिनियम सव्वातीन किलो. म्हणजे फायबर लोखंडाच्या निम्मं, पण ॲल्युमिनियमपेक्षा हलकं नाहीच. आणि घरी हात सैल सोडून रेझिन ओतलं की तिसऱ्या थराएवढं वजन फुकट चढतं.

फायबर जिंकतं ते आकारात. पद्मिनीच्या मडगार्डची गोलाई पत्र्यात उतरवायला जुना डेंटर लागतो, आणि ॲल्युमिनियमवर हात चालणारे त्याहून कमी. उलट साचा काढणं कोल्हापूरला नवीन नाही. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे पॅटर्न करणारे इथे आहेत, आणि साचा कुठून सुटेल, कुठे अडेल हे त्यांना नुसतं बघून कळतं. मूळ मडगार्डवर वॅक्सचे पाच हात, मग साचा सुटावा म्हणून पीव्हीएचा पापुद्रा, जेलकोट, थर. रेझिन घट्ट करणारी दोन द्रव्यं, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट, कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग दुसऱ्या भांड्यात, लागेल तेवढ्याच रेझिनला एक ते दोन टक्के कॅटॅलिस्ट. पावसाळ्यात हे काम काढूच नये, हवेतल्या ओलीने थर चिकट राहतो.

फायबर फुटतं ते बोल्टच्या भोकापाशी, वॉशरखाली, जिथे दिसत नाही. तिथे थरांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी घाला. तरीही दगड बसला की दुरुस्तीला घासणं, सुकवणं, थर, परत सुकवणं. चेपलेला पत्रा मैदानावर हातोडी आणि डॉलीने (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) दहा मिनिटांत टायरपासून दूर जातो. म्हणून माझा कल असा: पुढची-मागची मडगार्डं पत्र्याची, त्यांच्या कडा आत वळवून टायरला जागा केलेली. बॉनेट आणि डिकी १.२ मिमी ॲल्युमिनियमची, आतून पट्ट्या रिव्हेट करून, बॉनेट पिनसह. फायबर फक्त पुढच्या खालच्या ॲप्रनला, जो तसाही मोडायचाच असतो.

हे सगळं केलं की गाडी रस्त्यावरची राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मूळ रचनेतला बदल अडतो, तेव्हा ट्रेलर धरूनच हिशेब करा. स्पर्धेचे तांत्रिक नियमही आधी वाचा. काही वर्गांत सस्पेन्शनचे मूळ बिंदू हलवता येत नाहीत, आणि ते स्क्रूटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी-तपासणीच्या, रांगेत कळून उपयोग नाही.

आणि मूळ मडगार्ड भंगारात घालू नका. गंजलेलं का असेना, पुढचा साचा त्याच्यावरच निघतो, आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात फिरून दुसरं मिळेल याची खात्री आता उरलेली नाही.