फाळणी ते नामांतर : नांदेडमधील एका कवितावर्गाचा अनुभव

नांदेडमधील एका खासगी वाचनालयाने यंदाच्या हिवाळ्यात माफक शुल्क घेऊन कवितावाचनाचा एक वर्ग चालवला. ज्या प्रसंगांनी देश किंवा आपला प्रदेश दुभंगला, त्यांवरच्या कविता एकत्र वाचायच्या आणि प्रत्येकाने आपला प्रतिसाद लिहून आणायचा, असे त्याचे स्वरूप होते. फाळणी, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरील भारताची पोलीस कारवाई, आणीबाणी आणि मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर हे चार विषय ठरले होते. कवितांच्या छापील प्रती आधीच मिळत. उर्दू आणि पंजाबी कविता देवनागरीत, त्याखाली मराठी अर्थ आणि मागच्या पानावर त्या काळाच्या तारखा, ही मांडणी इतकी नेटकी होती की शुल्काचा मोबदला त्या पानांतच बराचसा मिळाला, असे मी म्हणेन.

प्रतिसाद लिहिण्याचा नियम या वर्गाची खरी कमाई ठरला. आधी कविता काय म्हणते ते लिहायचे, मग त्या घटनेविषयी आपल्याला काय ठाऊक आहे ते, आणि शेवटी आपले मत. अशा विषयांवरची कविता ऐकताना आपण बहुधा कवितेला दाद देत नाही किंवा नाकारत नाही, तर आपल्या मनात आधीच असलेल्या बाजूला दाद देतो; ही गल्लत या साध्या क्रमाने निदान लक्षात तरी येते.

फाळणीची बैठक सर्वांत भरीव झाली. उर्दू कवी फैज अहमद फैज यांची ‘सुब्ह-ए-आझादी’ (स्वातंत्र्याची पहाट) वाचताना वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांनी तिची केवळ थोरवी सांगितली नाही, तर दुसरे उर्दू कवी अली सरदार जाफरी यांनी त्या काळी घेतलेला आक्षेपही समोर ठेवला. कवितेतील प्रतीके इतकी धूसर आहेत की परस्परविरोधी विचारांचे लोकही ती आपलीच म्हणून वाचू शकतील, असा त्या आक्षेपाचा रोख होता. यावर चांगलीच जुंपली. माझ्या मते ती धूसरता हाच कवितेचा प्रामाणिकपणा आहे, कारण ही ती पहाट नव्हे एवढेच त्या घडीला कवीला खात्रीने सांगता येत होते. पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम यांनी मात्र आपल्या कवितेत थेट ‘हीर’ची प्रेमकहाणी लिहिणाऱ्या अठराव्या शतकातील वारिस शाहला कबरीतून हाक मारली आणि पंजाबच्या एका लेकीच्या रडण्यावर तू एवढे लिहिलेस, आज लाखो लेकी रडत आहेत, असे त्याला सुनावले. या दोन कविता शेजारी ठेवण्याची कल्पना उत्तम होती. शिवाय निजामाच्या राजवटीत सरकारी भाषा उर्दू असल्याने आपल्याकडच्या जुन्या घरांत ती अजून परकी झालेली नाही; वर्गातील काही ज्येष्ठांना अर्थाच्या ओळी वाचाव्याच लागल्या नाहीत.

हैदराबादच्या बैठकीत मुक्तिसंग्रामातील गीते आणि पोवाडे होते. 13 सप्टेंबर 1948 रोजी सुरू झालेली कारवाई 17 तारखेला संपली आणि तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करीत असे, त्यामुळे रझाकारीच्या कहाण्या इथे घरोघरी आहेत. त्याच बैठकीत, कारवाईच्या वेळी मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्र सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा उल्लेख झाला, हे संयोजकांचे धाडस. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असा समितीचा अंदाज होता, सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि हा अहवाल सर्वसामान्यांना 2013 पर्यंत पाहायला मिळाला नाही. पोवाड्यातील आनंद या आकड्यांमुळे खोटा ठरत नाही आणि आनंद खरा होता म्हणून आकडे पुसले जात नाहीत, हे दोन्ही प्रतिसाद तिथे शांतपणे वाचले गेले.

आणीबाणीची बैठक सपक झाली; सगळ्यांचे आधीपासूनच एकमत असल्यावर प्रतिसाद कशाला द्यायचा?

नामांतराच्या बैठकीत मात्र वर्गाने स्वतःचाच नियम मोडला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, याच जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला, आणि नामविस्तारासाठी, म्हणजे जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडले जाण्यासाठी, 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. हा सगळा तपशील मागच्या पानावर होता. पुढच्या पानावर मात्र समतेचे गोडवे गाणाऱ्या सौम्य कविताच तेवढ्या निवडल्या होत्या. जळलेल्या घरातून लिहिलेली, शिवी देणारी, जाब विचारणारी कविता एकही नव्हती. एका सहभागीने तशी कविता स्वतःहून वाचली, दुसऱ्याने तिच्या भाषेवर हरकत घेतली, आणि चर्चा रंगणार तोच दोन्ही बाजूंच्या भावना समजून घेऊया असे म्हणत संयोजकांनी चहा मागवला. लाहोर-अमृतसरच्या जखमेवर जाफरींचा कठोर आक्षेप चालतो, मग आपल्या जिल्ह्यातील जखमेवर हरकत घेणाऱ्यालाही बोलू द्यायला हवे होते आणि त्याला मिळणारे उत्तरही ऐकायला हवे होते. घर जळालेल्याने कोणत्या सुरात बोलावे हे ठरवणे हा कवितेला दिलेला प्रतिसाद नव्हेच; पण तसे सांगण्याची संधीही कोणाला मिळाली नाही.

एवढे असूनही पुढच्या तुकडीसाठी नाव नोंदवावे असेच मी सुचवेन, विशेषतः महाविद्यालयीन शिक्षकांना. संयोजकांनी आणीबाणीची बैठक गाळून नामांतराला दोन बैठका द्याव्यात. निवडीसाठी त्यांना फार शोधाशोधही करावी लागणार नाही. नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकांची दुकाने लागतात, तिथून कवितांच्या पुस्तिका आणल्या तरी काम भागेल. बैठकीची वेळ तेवढी संध्याकाळी सातऐवजी रविवारी सकाळची ठेवावी, कारण अर्धापूर-मुदखेडकडून येणाऱ्यांना परतीच्या बससाठी चर्चा अर्ध्यावर सोडून उठावे लागत होते.