परभणी क्रांती भेंडीचे बियाणे: अजून घ्यावे का?

दर हंगामाला संकरित पाकिटाचा खर्च ज्यांना परवडत नाही, त्यांनी परभणी क्रांती जरूर घ्यावी. सरळ वाण आहे, घरचे बी धरता येते. फळे गडद हिरवी, सडपातळ, 8 ते 10 सेंमी. पहिला तोडा साधारण 55 दिवसांनी.

या वाणाचे नाव झाले ते केवड्याला, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या, पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणू रोगाला, टिकतो म्हणून, आणि तो गुण रानभेंडीचा. पुसा सावनी ही भेंडीची जुनी जात केवड्याला बळी पडू लागली तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात तिचा रानभेंडीशी संकर केला गेला. काम सोपे नव्हते. भेंडीची गुणसूत्रे साधारण 130, रानभेंडीची 66 च्या आसपास. असा संकर बहुतांशी वांझ निघतो. म्हणून पुन्हा पुन्हा पुसा सावनीशीच संकर करून, रोगट झाडे टाकत निवड करावी लागली. 1985 च्या सुमारास वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. विद्यापीठाचे हे काम मोठेच म्हणायचे.

पण ही रोगप्रतिकारशक्ती मुख्यतः एकाच प्रभावी जनुकावर उभी आहे. विषाणू बदलला की ती उणी पडते, आणि आज अनेक भागांत या वाणावरही केवडा दिसतो. 'रोग येतच नाही' असे दुकानदार म्हणाला तर विश्वास ठेवू नका. उन्हाळी पेऱ्यात, जिथे पांढरी माशी फार असते तिथे, नवे सहनशील वाण बरे. शेंड्याची पाने रोज पाहा: शिरा पिवळ्या पडून मधे हिरव्या चौकटी उरल्या की रोग आलाच. असे झाड फुलोऱ्याआधी दिसले तर लगेच उपटा. ठेवले तर फळे पिवळट, राठ येतात आणि माशी शेजारच्या झाडांवर रोग नेते. पिवळे चिकट सापळे उगवणीपासूनच लावा.

बियाणे हेक्टरी खरिपात 8, उन्हाळ्यात 10 किलो. साल टणक असते, त्यामुळे घरचे बी रात्रभर भिजवून पेरा. पाकिटातले बी रंगीत असेल तर भिजवू नका, लावलेले औषध धुऊन जाते.

बी धरायचे तर दुसऱ्या भेंडीपासून निदान 200 मीटर अंतर हवे, कारण मधमाश्या परागकण आणतात. शेवटपर्यंत निरोगी राहिलेलीच झाडे निवडा आणि त्यांची फळे झाडावरच वाळू द्या. विकतचे घेताना लेबलवरची चाचणीची तारीख बघा. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 65 टक्के हवी.