डिंक-राळेच्या धुपासाठी विजेची धूपदाणी: माझा अनुभव

तापमान कमी-जास्त करता येणारी विजेची धूपदाणी मी आईसाठी घेतली. तिला दमा आहे आणि धुपाचा वास अतिशय प्रिय. कोळशावर धूप घातला की पहिला मिनिटभर सुगंध, मग खोलीभर करपट धूर. दोष धुपाचा नाही, आचेचा. ओमान-सोमालियाकडच्या बोस्वेलिया साक्रा जातीच्या झाडाच्या धुपात पाइनीन हे वास देणारं द्रव्य भरपूर असतं. ते साधारण १५६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पेटलेला कोळसा त्याच्या कितीतरी वर असतो. वास सुटतो न सुटतो तोच खडा जळायला लागतो.

या धूपदाणीत मी १५० अंशांच्या आसपास सुरुवात करते. खडा हरभऱ्याएवढा, त्याहून मोठा नाही. आधी लिंबासारखा ताजा वास येतो, धूर जवळपास नसतोच. तो ओसरला की आच थोडी वाढवायची, मग खालचा जड, लाकडी गंध वर येतो. एकाच खड्यातले हे दोन वास कोळशावर वेगळे कळत नाहीत. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ही वस्तू घ्यावी.

सगळे धूप मात्र सारखे वागत नाहीत. बोस्वेलिया, गुग्गुळ, हिराबोळ यांत राळेबरोबर पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. तो वितळत नाही, फुगतो आणि शेवटी काळा पडून वाटीत उरतो. तो काळा व्हायच्या आत काढून टाकावा, नाहीतर करपट वास तिथूनच येतो. व्हॅनिलासारखा गोड वास देणारा लोबान पूर्ण पातळ होऊन पसरतो, आणि इथे ही धूपदाणी कमी पडते: वाटी फारच उथळ आहे. लोबान काठावरून तापत्या तबकडीवर उतरला आणि तो खरवडणं जिकिरीचं झालं. आता वाटीत ॲल्युमिनियम फॉइलची खोलगट पुडी ठेवते. उत्पादकाने खोल वाटी द्यायलाच हवी होती.

सफाई सोपी आहे. प्लग काढून, वाटी पूर्ण गार झाल्यावर डिंक गरम पाण्याने आणि राळ स्पिरिटने पुसायची. स्पिरिट पेट घेतं, म्हणून ते सुकल्याशिवाय पुन्हा तापवू नये.

कोळसा नाही म्हणजे त्याचा कार्बन मोनॉक्साइडही नाही, ही मला सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. तरी खिडकी उघडी ठेवतेच, कारण मंद आचेवरही थोडा धूर होतो आणि दम्याला तेवढाही पुरतो. आई खोलीत नसताना धूप लावते. धूर निघून गेल्यावर ती येते, तेव्हा वास टिकून असतो.

ज्यांना दाट धुराचे लोट हवेत, त्यांचं हिच्याने समाधान होणार नाही. त्यांनी कोळसाच वापरावा, पण त्यावर राखेचा थर किंवा अभ्रकाची चकती ठेवून. खडा थेट निखाऱ्यावर घालू नये.