स्पीड टेस्ट पूर्ण, क्लास अर्धवट: गंगापूर रोडवरील एका फायबर सेवेचे वर्षभरानंतरचे परीक्षण

आमच्या घरी गंगापूर रोडवर गेले वर्षभर एका स्थानिक कंपनीचे १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण काही साइट मुद्दाम मंद केल्या जातात की काय, या माझ्या संशयाचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि शिवाय पुढे जे लिहिले आहे ते अशा बऱ्याच लहान सेवा पुरवठादारांना थोड्याफार फरकाने लागू पडावे. दरमहा ६९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२४ रुपये ८२ पैसे, असा हिशेब असून सहा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास राउटर फुकट मिळतो. आम्ही दोनदा तसे भरले.

जोडणी एका दुपारीत झाली आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी रस्ते खोदले जात असल्यामुळे वर्षभरात पाच वेळा फायबर तुटली. राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा लागला की फोन करायचा, पलीकडून ‘काका, जेसीबीने केबल उचलली, मुलं स्प्लायसिंगला गेलीत’ असे उत्तर यायचे आणि तीन-चार तासांत दिवा पुन्हा हिरवा व्हायचा. भर पावसात खांबाला शिडी लावून उभी राहणारी ती मुले या सेवेतील सर्वांत चांगली गोष्ट आहेत, हे मी अगदी मनापासून लिहितो.

अडचण सुरू झाली ती माझ्या पत्नीच्या गाण्याच्या क्लासपासून. तिच्या दोन विद्यार्थिनी जर्मनीत असतात. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. संगीत शिकवण्यासाठी बनवलेल्या एका छोट्या युरोपीय व्यासपीठावरून ती शिकवते, कारण नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये तानपुऱ्याचा आवाज गोंगाट समजून दाबला जातो आणि या व्यासपीठावर तसे होत नाही. मात्र साधारण चार महिन्यांपूर्वीपासून विद्यार्थिनीचा षड्ज मध्येच गिळला जाऊ लागला, आलाप तुटू लागला, आणि गुरू-शिष्यांनी एकमेकींना ‘ऐकू येतंय का’ असे विचारण्यातच तासातील पंधरा मिनिटे जाऊ लागली. त्याच वेळी बाजूच्या खोलीत आमचा नातू यूट्यूबवर अत्यंत स्पष्ट चित्राचे व्हिडिओ एकदाही न अडखळता पाहत असे.

तक्रार केल्यावर तंत्रज्ञ आला, त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावली, ९८ हा आकडा मला दाखवला आणि म्हणाला, ‘काका, आमच्याकडून तर फुल येतोय, त्या साइटचाच प्रॉब्लेम असणार.’ तो खोटे बोलत नव्हता. परंतु स्पीड टेस्ट सहसा जवळचा सर्व्हर आपोआप निवडते आणि आमच्या बाबतीत तो सर्व्हर खुद्द या कंपनीचाच निघाला. ज्याने पेपर काढला त्यानेच तो तपासावा आणि पैकीच्या पैकी गुण द्यावेत, असा तो प्रकार होता. यूट्यूबचेही रहस्य फार वेगळे नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपले कॅशे सर्व्हर सेवा पुरवठादारांच्या जाळ्यातच बसवतात, त्यामुळे लोकप्रिय व्हिडिओ परदेशातून यावाच लागत नाही. तो आधीच हाकेच्या अंतरावर येऊन बसलेला असतो. यात गैर काही नाही, उलट त्यामुळे सगळ्यांचाच भार हलका होतो. पण जो आलाप अजून गायलाच गेलेला नाही तो आधी साठवून ठेवता येत नाही. त्याला दर वेळी सगळी वाट चालूनच यावे लागते.

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे वहीत नोंदी ठेवण्याची सवय आहे. दोन आठवडे मी रोज सकाळी सात आणि रात्री साडेनऊ या वेळांना तीन ठिकाणांपर्यंतचा वेग मोजला. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरपर्यंत दोन्ही वेळा ९५ ते ९८, मुंबईतील एका वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत रात्रीही ८५ च्या वर, आणि जर्मनीतील फ्रँकफुर्टपर्यंत सकाळी ७० च्या आसपास तर रात्री ५ ते ८. व्हिडिओ कॉलला खरे तर एवढा वेगही पुरतो. परंतु त्या वेळी शंभरांतील चार-पाच पॅकेट (आवाज ज्या छोट्या तुकड्यांतून पाठवला जातो ते) पोहोचतच नव्हते, आणि गाण्यात नेमके तेच ऐकू येते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून त्याच रात्री, त्याच व्यासपीठावर क्लास सुरळीत झाला, म्हणजे साइटवर ढकललेला दोष साइटचा नव्हता.

आता हा नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सेवा पुरवठादाराने सगळ्या मजकुराला सारखेच वागवावे या तत्त्वाचा, भंग आहे का? हा शब्द २००३ मध्ये टिम वू या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी रूढ केला, पण आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला तो २०१५ मध्ये. त्या वर्षी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या सल्लामसलतीला दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि त्यांतला एक माझाही होता (मजकूर तयारच मिळाला होता, मी फक्त नाव घातले, हे कबूल केले पाहिजे). तेव्हाचा वाद मुख्यतः पैशाचा होता: एअरटेल झिरो किंवा फेसबुकचे फ्री बेसिक्स यांसारख्या योजनांतून काही निवडक साइट फुकट द्यायच्या आणि बाकीच्यांना डेटाचे पैसे लावायचे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली आणि त्यासाठी दररोज ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये, असा दंड ठेवला. पुढे २०१८ मध्ये सेवा पुरवठादारांच्या परवान्याच्या अटींतच दुरुस्ती होऊन कोणताही मजकूर अडवणे, मंद करणे किंवा त्याला झुकते माप देणे यांना मनाई झाली. अमेरिकेत हेच नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा मोडीत काढले, हे पाहता आपली बाजू कागदावर बरीच भक्कम आहे.

तरीही माझ्या वहीतील आकडे त्या कागदावर कुठे बसवावेत हे ठरवता येत नाही. परवान्याच्या अटींमधून कॅशे सर्व्हरचे जाळे वगळलेले आहे आणि वाजवी कारणासाठी वाहतुकीचे नियोजन करण्याची मुभाही आहे. कंपनीच्या कार्यालयातील व्यवस्थापकांनी चहा देऊन मला नीट समजावले, की परदेशी वाहतुकीसाठीची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, ते मुंबईतील एका मोठ्या कंपनीकडून विकत घेतात, ग्राहक वाढले तरी ती तेवढीच राहिली आहे आणि रात्री नऊनंतर ती भरून जाते. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोणालाही मुद्दाम मंद केलेले नाही. फक्त मोठ्यांचा माल आधीच आत आलेला असल्यामुळे तुंबलेल्या वाटेवर लहानच उभे राहतात. दुसरीकडे, व्हीपीएन (सगळी वाहतूक सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावताच रात्रीचा वेग ४० वर गेला. व्हीपीएनमुळे वाट बदलते हे खरे, पण आतील मजकूर कोणाचा आहे हेही झाकले जाते, त्यामुळे त्या एका आकड्यावरून चूक कंजूषपणाची की हेतूची, हे घरबसल्या सिद्ध करता येत नाही. व्यवस्थापकांचे म्हणणे मला पटले. ते लेखी द्यायला त्यांनी नकार दिला नसता तर अधिक पटले असते.

संशय मनात राहण्याचे दुसरे कारण म्हणजे मागच्या महिन्यात वर्तमानपत्रातून आलेले त्यांचे पत्रक: ‘गेमिंग बूस्टर, महिना फक्त ९९ रुपये’. त्यात चार लोकप्रिय खेळांची नावे देऊन त्यांना ‘स्पेशल रूट’ मिळेल असे छापले आहे. तुंबलेल्या वाटेवरून ठरावीक खेळांना पैसे घेऊन पुढे काढायचे असेल, तर ते मला २०१६ च्या आणि २०१८ च्या दोन्ही नियमांच्या उलट जाणारे दिसते. जुलै २०२० मध्ये दोन मोठ्या मोबाईल कंपन्यांनी जास्त पैसे भरणाऱ्यांना जास्त वेग देऊ केला, तेव्हा बाकीच्या ग्राहकांच्या वाट्याचे काय, असा प्रश्न करून ट्रायने त्या योजना थांबवण्यास सांगितले होते. शहरातल्या पत्रकावर तशी नजर कोण ठेवणार? मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी गेली काही वर्षे सुरू आहे. ती मान्य झाली तर पैसे भरणाऱ्यांची सोय आणखी वाढेल. आमच्या हिच्या छोट्या व्यासपीठाकडे तर भरायला काहीच नाही.

तक्रारीची पद्धतही परीक्षणात आली पाहिजे. कंपनीच्या ॲपमध्ये ‘नेट बंद’, ‘नेट स्लो’ आणि ‘बिल’ असे तीनच पर्याय आहेत. ‘स्लो’ निवडले की तंत्रज्ञ येतो, स्पीड टेस्ट लावतो, आकडा पूर्ण येतो आणि तक्रार बंद होते. माझी अशी तीन वेळा बंद झाली. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे पुढची पायरी कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याची. तिथे मी वहीच्या पानांची छायाचित्रे जोडून अर्ज केला आहे.

ज्यांना सिनेमे पाहायचे आहेत, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ लावायचे आहेत आणि भारतातल्या भारतात कॉल करायचे आहेत, त्यांनी ही सेवा खुशाल घ्यावी. या पैशांत ती चांगलीच आहे. ज्यांचे काम रात्री परदेशातील लहान सर्व्हरशी आहे, त्यांनी घेण्याआधी शेजाऱ्याच्या घरी रात्री साडेनऊला बसून दूरच्या ठिकाणाचा वेग मोजावा आणि मगच पैसे भरावेत. परदेशी बँडविड्थ दिवाळीनंतर वाढवणार असल्याचे व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले आहे. तोवर क्लास मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो, आणि नूतनीकरण या वेळी आम्ही सहा महिन्यांचे न करता एकाच महिन्याचे केले आहे.